घास व गवत कापणीसाठी जुना लहान ट्रॅक्टर : खरेदी व दुरुस्ती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दुभत्या जनावरांचा धंदा शेतीच्या खांद्याला खांदा लावून वाढला आहे. प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांत घास, कडवळ व मका यांचे हिरवे तुकडे वस्तीवस्तीवर दिसतात. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या कमी पावसाच्या भागात कडबा व पावसाळ्यानंतर कापलेले गवत यांवरच उन्हाळ्याची भिस्त असते. दोन्हीकडे चारा कापण्याचे काम रोजचे आहे. सण असो, लग्नकार्य असो वा घरात आजारपण असो, गोठ्यातील जनावर थांबत नाही. हे काम विळ्याने वाकून करावे लागते व ते बहुधा घरच्या स्त्रियांच्या वाट्यास येते.

यास्तव कापणीचा पट्टा जोडलेला लहान ट्रॅक्टर घ्यावा, असा विचार पुष्कळ शेतकरी करतात. नवा ट्रॅक्टर परवडत नाही म्हणून जुना शोधला जातो. जुने यंत्र घेणे ही वाईट गोष्ट नव्हे. नीट पारखून घेतलेले व क्रमाने दुरुस्त केलेले जुने यंत्र कित्येक वर्षे चांगले काम देते. परंतु रंग पाहून घेतलेले यंत्र कर्जाचा हप्ता चालू असतानाच दारात उभे राहते. प्रस्तुत लेखात १५ ते २० अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर व त्यास जोडावयाचा कापणीचा पट्टा यांचा विचार केला आहे.

प्रथम कामाचा हिशेब

यंत्र पाहावयास जाण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्याकडे त्या यंत्रास पुरेसे काम आहे काय, हे पाहावे. सुमारे सव्वा मीटर रुंदीचा पट्टा ताशी तीन किलोमीटर वेगाने चालविला, तर वळणे व खोळंबा वजा जाता तासाला साधारण २५ गुंठे कापणी होते. आता पाच गाईंचा गोठा घेऊ. दर गाईस रोज २५ किलो हिरवा चारा धरला, तर पाच गाईंना १२५ किलो लागतो. चांगल्या घासाच्या एका कापणीत गुंठ्याला सुमारे १०० किलो चारा निघतो असे धरल्यास रोजची कापणी सव्वा गुंठ्याची झाली. म्हणजे यंत्राचे रोजचे काम अवघे तीन मिनिटांचे, व वर्षाचे सुमारे १८ तासांचे होय.

आता खर्चाची बाजू पाहावी. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. आपल्या भागातील चालू दर त्या जागी घालावेत. समजा, ट्रॅक्टर १,६०,००० रुपयांस, पट्टा ४०,००० रुपयांस व दुरुस्ती ४०,००० रुपयांत पडली. एकूण भांडवल २,४०,००० रुपये झाले. पाच वर्षांनी ही जोडी ९०,००० रुपयांस विकली जाईल असे धरल्यास दरवर्षी ३०,००० रुपयांची घट येते. सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्क्यांनी व्याज १६,५०० रुपये होते. विमा, तेल, फिल्टर व किरकोळ दुरुस्ती यांसाठी १३,५०० रुपये धरावेत. वर्षाचा ठरीव खर्च ६०,००० रुपये झाला. डिझेल व चालकाची मजुरी यांखेरीजचा हा खर्च होय.

हे यंत्र वर्षात ४०० तास चालले तर तासाला १५० रुपये पडतात. २०० तास चालले तर ३०० रुपये. मात्र ते केवळ पाच गाईंच्या घासासाठी १८ तास चालले, तर तासाचा खर्च ३,३०० रुपयांच्या वर जातो. असा घास गाईला घालणे कोणत्याही दुधाच्या दरात परवडणार नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, लहान ट्रॅक्टर केवळ कापणीसाठी घेऊ नये. फळबागेतील मशागत, फवारणी, शेणखताची वाहतूक, कडबाकुट्टी चालविणे अशी वर्षभराची कामे हाती असतील तरच तो घ्यावा व कापणी हे त्यांपैकी एक काम समजावे. दुसरी, ज्याच्याकडे पाच-सात जनावरे व एक-दोन एकर बागायत आहे, त्याने शेजारच्या आठ-दहा गोठेवाल्यांबरोबर मिळून यंत्र घ्यावे, अथवा पाठीवर वा हातात धरून चालविण्याचे लहान कापणी यंत्र पाहावे. गटाने यंत्र घ्यावयाचे असल्यास पाळी, डिझेल, चालक व मोडतोड यांविषयीचे नियम आधी लिहून काढावेत. सामाईक यंत्र बिघडते त्याहून लवकर सामाईक मन बिघडते, हा अनुभव गावोगावचा आहे.

कोणत्या चाऱ्यास कोणते यंत्र

मागे-पुढे सरकणाऱ्या पात्यांचा पट्टा घास, बरसीम, ओट व बारीक काडीचे गवत उत्तम कापतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला आर. एल. ८८ हा घासाचा वाण या कापणीस सोयीचा आहे. घासाची पहिली कापणी पेरणीपासून सुमारे ५० ते ६० दिवसांनी व पुढील कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने होतात. त्याच विद्यापीठाचा फुले जयवंत हा संकरित नेपिअर मात्र वाढला म्हणजे जाड ताटाचा होतो. जून झालेले असे गवत लहान पट्ट्यात अडकते व पाती तुटतात. नेपिअर हेच ज्यांचे मुख्य वैरणपीक आहे, त्यांनी हा पट्टा घेण्याची घाई करू नये.

डोंगरउतारावरील गवताची गोष्ट वेगळी आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी पाळून पाणलोटातील गवत कापून नेण्याची पद्धत रूढ केली व त्यामुळे गावाच्या चाऱ्याचा प्रश्न पुष्कळ सुटला. त्या पद्धतीचे अनुकरण अवश्य करावे, परंतु चर खोदलेल्या उतारावर लहान ट्रॅक्टर नेऊ नये. तेथे विळाच योग्य. समतल चराऊ रान, फळबागेतील दोन ओळींमधील गवत व बांध नसलेले सपाट तुकडे ही ट्रॅक्टरची जागा होय.

कागदपत्रे

इंजिनापूर्वी कागद पाहावेत. ट्रॅक्टर हे नोंदणीचे वाहन आहे. या जिल्ह्यात नगर येथील कार्यालयाच्या नोंदणीस एम. एच. १६ व श्रीरामपूर येथील कार्यालयाच्या नोंदणीस एम. एच. १७ हे क्रमांक आहेत. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक यंत्रावरील ठशांशी स्वतः ताडून पाहावेत. ठशावर कागद ठेवून पेन्सिल घासली असता अंक स्पष्ट उमटतात. ठसा घासलेला, पुन्हा ठोकलेला अथवा त्यावर वेल्डिंग केलेले दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

ट्रॅक्टरवर बँकेचा अथवा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास नोंदणी पुस्तकात तशी नोंद असते. कर्ज फिटल्याचा दाखला व बोजा उतरविण्याचा नमुना ३५ मिळाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. ‘नाव नंतर लावू’ असे म्हणून वर्षे लोटतात. पुढे अपघात झाला म्हणजे विकणाऱ्यावर व घेणाऱ्यावर सारखेच संकट येते. नोंदणीस पंधरा वर्षे होत आली असल्यास नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरावा.

ट्रॅक्टर शासकीय अनुदानातून घेतलेला असल्यास त्याच्या विक्रीस काही अटी आहेत काय, याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी. यंत्राची मूळ पुस्तिका विकणाऱ्याकडे मागावी. तिच्यातील तेलाचे प्रमाण, व्हॉल्व्हची फट व क्लचची सूट हे आकडे दुरुस्तीच्या वेळी सोन्याच्या मोलाचे ठरतात.

थंड इंजिनाची तपासणी

पाहावयास सकाळी जावे व इंजिन आधी सुरू करून ठेवू नये असे विकणाऱ्यास कळवावे. गेल्यावर प्रथम इंजिनास हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर ते सुरू होण्यास त्रास देत असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. अशा वेळी पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे.

तेलाची काडी काढून तेल बोटांवर चोळावे. काळे तेल ही चिंतेची बाब नाही. दुधी अथवा चहासारखे तेल दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. तेलात धातूचा चुरा लागल्यास बेअरिंग झिजले आहे. पाण्याने थंड होणारे इंजिन असल्यास रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय ते पाहावे. तवंग असल्यास हेड गॅस्केट गेले असण्याचा अथवा हेडला तडा असण्याचा संभव असतो.

नंतर सांगाड्याकडे वळावे. इंजिन व गिअर बॉक्स जेथे जोडले जातात तेथे तडा अथवा वेल्डिंग आहे काय ते कापडाने पुसून पाहावे. एखाद्याच भागावर ताजा रंग असेल तर तो भाग अधिक बारकाईने पाहावा. पुढचा आस जॅकवर उचलून चाक वरखाली हलवावे. चाक डगमगत असेल तर बेअरिंग, किंगपिन अथवा बुश झिजले आहेत. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूस चिरा असू शकतात. टायरवर चार अंकी ठसा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन अंक वर्ष दाखवितात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा होय.

तासांच्या मीटरवर सर्वस्वी विसंबू नये. मीटर बदललेले असू शकते. पायदानाचे रबर, बैठक, मागील जोडणीच्या पट्टीतील भोके व पीटीओच्या दांड्यावरील खाचा यांची झीज मीटरपेक्षा खरी साक्ष देते. मीटरवर ८०० तास व पट्टीतील भोक लांबट झालेले, असे आढळल्यास साक्ष जुळत नाही.

चालू यंत्राची परीक्षा

थंड इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहावा. सुरुवातीस थोडा पांढरा धूर येऊन तो लवकर नाहीसा झाला तर काळजीचे कारण नाही. पांढरा धूर चालूच राहिला तर डिझेल नीट जळत नाही अथवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा डिझेल जास्त. इंजिन तापल्यावर तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा अथवा लायनर झिजले आहेत. ही सर्वांत खर्चाची खूण होय.

क्लच पाहण्यासाठी मोकळ्या जागी, पुढे कोणी नसताना, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे. इंजिन फिरतच राहिले तर प्लेट घसरते आहे. चढावर व उतारावर ट्रॅक्टर चालवून गिअर आपोआप सुटतो काय ते पाहावे. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून दोहोंची पकड सारखी आहे याची खात्री करावी.

पीटीओ जोडून ऐकावे. खडखड आवाज, फार हेलकावे अथवा सीलमधून तेल गळणे ही दोषाची लक्षणे होत. पीटीओच्या प्रमाणित वेगात दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. पट्ट्याच्या यंत्रास कोणता वेग लागतो हे ताडून घ्यावे. भार उचलून इंजिन बंद करावे. भार झरझर खाली आला तर लिफ्टचे सील अथवा व्हॉल्व्ह गळत आहे.

शेवटची परीक्षा रानात घ्यावी. विकणाऱ्याच्याच शेतात अर्धा-पाऊण तास काम करून पाहावे. दहा मिनिटांत न दिसणारा दोष तापलेल्या यंत्रात दिसतो. मंद गतीत तेलाचा दाब पडतो काय, पाणी उकळते काय, तापलेले इंजिन बंद करून पुन्हा लगेच सुरू होते काय, हे तेथेच पाहून घ्यावे. यास जो नकार देईल त्याच्याशी व्यवहार करू नये.

मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. आपण पाहत असलेल्या नमुन्याचा चाचणी अहवाल मिळाल्यास त्यावरून पीटीओची शक्ती व डिझेलचा खप कळू शकतो.

किंमत ठरविणे

आढळलेला प्रत्येक दोष कागदावर लिहावा व त्यापुढे दुरुस्तीचा अंदाज मांडावा. त्याच वर्षाच्या व त्याच नमुन्याच्या चांगल्या ट्रॅक्टरची भागातील किंमत समजा २,००,००० रुपये आहे. दोषांच्या यादीची बेरीज ३२,००० रुपये झाली. न दिसलेल्या दोषांसाठी तिच्या चतुर्थांश, म्हणजे ८,००० रुपये धरले. तर देण्याजोगी किंमत १,६०,००० रुपये होय. अशी यादी हाती असली म्हणजे घासाघीस भांडणाची न होता हिशेबाची होते.

सौदा करण्यापूर्वी आणखी एक फेरी अवश्य मारावी. नगर, श्रीरामपूर वा संगमनेर येथील सुट्या भागांच्या दुकानांत जाऊन त्या नमुन्याचे डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, नोझल, पिस्टन रिंगा व पट्ट्याची पाती मिळतात काय ते विचारावे. कारखान्याने बंद केलेल्या नमुन्याचे भाग मिळेनासे होतात. ज्याचे भाग मिळत नाहीत ते यंत्र फुकट मिळाले तरी महाग समजावे.

दुरुस्तीचा क्रम

यंत्र घरी आल्यावर लगेच इंजिन उघडण्याची घाई करू नये. स्वस्त कारण आधी तपासावे, महाग कारण शेवटी, हा दुरुस्तीचा पहिला नियम होय. काळा धूर येतो म्हणून इंजिन खोलले व शेवटी हवेचा फिल्टर चोंदलेला निघाला, असा प्रकार होऊ देऊ नये.

प्रथम यंत्र धुऊन स्वच्छ करावे, म्हणजे गळती कोठून आहे हे कळते. नंतर इंजिन, गिअर बॉक्स व लिफ्ट यांतील तेल बदलावे व सर्व फिल्टर नवे घालावेत. हवेचा फिल्टर तेलाचा असल्यास भांडे धुऊन पुस्तिकेप्रमाणे तेल भरावे.

दुसरे काम डिझेलच्या मार्गाचे. टाकी काढून तळाचे पाणी व गाळ काढावा, नळ्या बदलाव्यात व मार्गातील हवा काढावी. नोझल डिझेल पंपाच्या जाणत्या कारागिराकडून यंत्रावर तपासून घ्यावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते व ती जखम लहान दिसली तरी हात गमावण्याइतकी घातक ठरते. तसे झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

तिसरे काम गारव्याचे. रेडिएटरच्या जाळीतील भुसा मागील बाजूने पाणी मारून काढावा. पंख्याचा पट्टा व पाण्याचे पाईप तपासावेत. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांमधील कचरा काढावा. घास कापताना पाने उडून जाळीवर बसतात. त्यामुळे कापणीच्या यंत्रात हे काम रोजचे आहे.

चौथे ब्रेक व सुकाणू, पाचवे क्लच, सहावे विजेची जोडणी. एवढे झाल्यावर व्हॉल्व्हची फट पुस्तिकेप्रमाणे लावून यंत्र दहा-वीस तास हलक्या कामास जुंपावे व तेलाचा खप मोजावा. त्यानंतरही निळा धूर, तेल भरण्याच्या झाकणाशी भपकारे व शक्तीची घट ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तरच इंजिन उघडावे. उघडल्यास रिंगांबरोबर लायनरची झीजही मापून घ्यावी. झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालणे म्हणजे फाटक्या पोत्याला नवे तोंड शिवणे होय.

कापणीच्या पट्ट्याची जुळणी

पट्टा हे कात्रीचेच मोठे रूप आहे. पुढे आलेल्या बोटांत स्थिर पाती असतात व त्यांवरून त्रिकोणी पात्यांची पट्टी मागे-पुढे सरकते. कात्रीची दोन्ही पाती धारदार व एकमेकांस लागून असली तरच कापड कापले जाते. तसेच येथे आहे. केवळ सरकत्या पात्यांना धार लावून बोटांतील झिजलेली पाती तशीच ठेवल्यास घास कापला न जाता चावला जातो. अशा घासाचे खोड फुटते, नवा फुटवा उशिरा येतो व पुढील कापण्या हलक्या पडतात.

जुळणी येणेप्रमाणे करावी. पट्टी काढून सर्व बोटे एका सरळ रेषेत आहेत काय, हे दोरी लावून पाहावे. वाकलेले बोट हातोड्याने सरळ करावे व तडा गेलेले बदलावे. सैल रिव्हेट काढून नवे ठोकावेत. दाबपट्ट्या पात्यांना अलगद टेकतील, परंतु पट्टी हाताने सरकेल, इतक्याच बसवाव्यात. फार सैल असल्यास गवत मध्ये शिरते, फार घट्ट असल्यास पट्टी तापते.

प्रमाणित पट्ट्यात पात्याची रुंदी व पट्टीची सरक सुमारे ७६ मिलिमीटर असते. सरकेच्या दोन्ही टोकांस प्रत्येक पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर आला पाहिजे. तो एका बाजूस आधी थांबत असेल तर ढकलदांड्याची लांबी कमी-जास्त करून घ्यावी. बाजूस बसणाऱ्या पट्ट्याचे बाहेरील टोक उभ्या स्थितीत दर मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर पुढे असावे. रानात गवताच्या रेट्याने ते मागे येते व मग पट्टा सरळ चालतो. हे अंतर न ठेवल्यास पट्टा तिरका ओढला जातो व ढकलदांडा वारंवार तुटतो.

हिरव्या घासास गुळगुळीत धारेची व गव्हासारख्या वाळल्या पिकास दातेरी पाती योग्य. गुळगुळीत पात्यास मूळच्या उतारानेच धार लावावी. सहाणेवर पाते निळे पडले तर त्याचे पाणी उतरले असे समजावे. दातेरी पाती झिजल्यावर बदलावीत. घास जमिनीपासून सुमारे सहा ते सात सेंटिमीटर उंचीवर कापला जाईल असा पट्ट्याचा घसरता बूट लावावा. त्याहून खाली कापल्यास खोडाचे डोळे दुखावतात व मातीही चाऱ्यात येते. कापणीपूर्वी रानातील दगड, तारा व ठिबकच्या जुन्या नळ्या वेचून काढाव्यात. पारनेरच्या मुरमाड रानात तर ही खबरदारी विशेष घ्यावी.

यंत्राने थोड्या वेळात पुष्कळ घास कापला जातो म्हणून दोन दिवसांचा एकदम कापून ढीग घालू नये. ढिगात घास तापतो. पहाटेचा ओला कोवळा घास भुकेल्या जनावरास एकदम भरपेट घातल्यास पोटफुगी होते. तो सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालावा.

जिवाची काळजी

पट्ट्यात अडकलेले गवत काढण्यासाठी हात घालण्यापूर्वी पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी व पट्टी थांबल्याची खात्री करावी. हे चारही न करता हात घालणे म्हणजे बोटे देणे होय. पट्टी थांबलेली असली तरी अडकलेले गवत निघताच ती झटका देऊन सरकू शकते. म्हणून हाताऐवजी लाकडी काठी वापरावी.

पीटीओचा दांडा सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातील टॉवेल यांचे टोक त्यास लागले तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. जुन्या यंत्रावरील दांड्याचे आवरण बहुधा हरवलेले असते. दुरुस्तीच्या यादीत ते पहिल्या ओळीत लिहावे. ज्याच्यावर आवरण नाही ते यंत्र सुरू करू नये. कापणी चालू असताना मुलांना रानात येऊ देऊ नये. उंच घासात बसलेले मूल चालकास दिसत नाही. चढ-उतारावर आडवे चालवू नये व बांधावरून उडी घेऊ नये. लहान ट्रॅक्टरची चाकांतील रुंदी कमी असल्याने तो चटकन कलंडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

गावातील कार्यकर्त्याने यंत्र कोणते घ्यावे हे सांगण्यापेक्षा ते कसे पारखावे हे शिकवावे. प्रथम शेतकऱ्याबरोबर बसून तासांचा हिशेब मांडावा. काम पुरेसे नसल्यास तसे स्पष्ट सांगावे, अथवा गट जमविण्यास साहाय्य करावे. यंत्र पाहावयास जाताना स्वतः अथवा गावातील प्रामाणिक कारागीर बरोबर असावा व त्याची मजुरी विकणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने द्यावी, म्हणजे त्याची जीभ मोकळी राहते.

राहुरी येथील विद्यापीठात १९६९ पासून कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे व ते डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाने ओळखले जाते. राहाता तालुक्यातील बाभळेश्वर व शेवगाव तालुक्यातील दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पट्ट्याची जुळणी व यंत्राची निगा यांविषयीचे प्रात्यक्षिक आपल्या गावी घडवून आणण्यासाठी कार्यकर्त्याने तेथे चौकशी करावी. प्रात्यक्षिकास घरच्या स्त्रियांना आवर्जून बोलवावे. विळ्याचे काम त्यांचेच आहे. यंत्र आल्यावर त्याची किल्ली व त्याचे ज्ञानही त्यांच्या हाती असले पाहिजे.

प्रत्येक यंत्रामागे एक वही ठेवण्याची सवय लावावी. तारीख, चाललेले तास, भरलेले डिझेल, बदललेले तेल व केलेली दुरुस्ती एवढेच तीत लिहावे. वर्षअखेरीस त्या वहीवरून तासाचा खरा खर्च निघतो व शेजाऱ्यास यंत्र भाड्याने द्यावयाचे झाल्यास दर कोणता घ्यावा हे कळते. पुढे यंत्र विकावयाची वेळ आली, तर तीच वही नव्या घेणाऱ्यापुढे ठेवावी. जिची अशी वही आहे ती जुनी वस्तू बाजारात दोन पैसे अधिक मिळवून देते, व घेणाराही फसत नाही.